छाटणी म्हणजे नासधूस नव्हे

मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या लेखात कोणी चार ओळींची भर घातली, तर त्याला सहसा कोणी जाब विचारत नाही. ओळी संदर्भाविना असोत, एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्या असोत, भर ती भरच. त्याच लेखातल्या चार ओळी कोणी काढल्या, की मात्र विचारणा होते. बदल उलटवला जातो, चर्चापानावर ‘मजकूर का उडवला?’ असा सवाल येतो, कधी थेट उत्पाताचा आरोपही होतो. ज्ञानकोशातला मजकूर नेटका, आटोपशीर आणि स्पष्ट करण्याचे काम जे संपादक करतात, त्यांच्याकडे अजूनही संशयाने पाहिले जाते.

या नाराजीमागे काही ठरलेले आक्षेप आहेत. मराठीत लेख आधीच थोडे, त्यात काटछाट कशाला? आंतरजालावर जागेची टंचाई नाही, मग शब्दांची काटकसर कोणासाठी? पल्लेदार वाक्य हा मराठीचा पिंड आहे, आखूड वाक्ये ही इंग्रजीची नक्कल. संक्षेपात माहिती हरवते. आणि शेवटचा, सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप असा, की ज्याने कष्टाने लिहिले त्याचा हा अपमान आहे. हे आक्षेप घेणारे भाषेचे वैरी नाहीत. त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे पदरचा वेळ खर्चून लेख लिहीत आले आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आटोपशीर वाक्य तपासता येते. फुगवलेले वाक्य तपासता येत नाही. आणि जो कोश कोणीही लिहू शकतो, त्याची सगळी विश्वासार्हता तपासता येण्यावरच उभी असते. त्यामुळे विकिपीडियावर संक्षेप हा शैलीच्या आवडीनिवडीचा विषय राहत नाही. तो प्रामाणिकपणाचा विषय होतो.

आधी एक नमुना पाहू. पुढचा परिच्छेद मी या लेखासाठी रचला आहे, पण मराठी विकिपीडिया वाचणाऱ्यांना त्याची चाल ओळखीची वाटेल:

‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या ठिकाणी असलेले लोणार सरोवर हे महाराष्ट्रातील एक अत्यंत महत्त्वाचे व जगप्रसिद्ध असे सरोवर म्हणून ओळखले जाते. या सरोवराच्या निर्मितीबाबत अनेक तज्ज्ञांकडून विविध मते मांडण्यात आलेली असून सदर सरोवराची निर्मिती ही हजारो वर्षांपूर्वी उल्कापातामुळे झाली असल्याचे मानले जाते. निसर्गाचा हा अद्भुत चमत्कार पाहण्यासाठी देशविदेशातून असंख्य पर्यटक येथे भेट देत असतात. या सरोवराचे पाणी हे खारट स्वरूपाचे असल्याचे आढळून येते हे येथे उल्लेखनीय आहे.’

व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही. उघड खोटे असेही काही नाही. तरीही हा परिच्छेद वाचकाच्या हाती फारसे काही देत नाही. ‘अत्यंत महत्त्वाचे’ म्हणजे कोणाच्या दृष्टीने? भूशास्त्रज्ञांच्या, भाविकांच्या की पक्षिनिरीक्षकांच्या? ‘अनेक तज्ज्ञांकडून विविध मते’ या शब्दांत मते असल्याची बातमी आहे, मते नाहीत. ‘हजारो वर्षांपूर्वी’ यात पाच हजारही बसतात आणि पाच लाखही. ‘असंख्य पर्यटक’ कोणी मोजले? विकिपीडियावर शंकास्पद विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करता येते. इथे ती खूण लावायची तरी कुठे? ‘अद्भुत’ या शब्दाला संदर्भ कसला मागणार? परिच्छेदात दावेच इतके सैल आहेत की ते खोडताही येत नाहीत आणि सिद्धही करता येत नाहीत.

आता हाच मजकूर असा लिहून पाहा:

‘लोणार सरोवर हे बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. बेसाल्ट खडकावर अशनी आदळून पडलेल्या विवरात ते साचले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत: आधीच्या एका मापनानुसार ते सुमारे ५० हजार वर्षे, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे भरते. २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.’

शब्द कमी झाले आणि माहिती वाढली. खडक कोणता ते कळले, विवर केवढे ते कळले, पाणी नुसते खारट नसून अल्कधर्मीही आहे हे कळले. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वयाबद्दलचा खरा मतभेद उजेडात आला. दोन मापनांत दहापटीहून अधिक अंतर आहे, आणि आधीच्या परिच्छेदात ते ‘हजारो’ या एका शब्दाखाली झाकलेले होते. आता प्रत्येक वाक्यापुढे संदर्भ मागता येतो आणि देताही येतो. उद्या नवे मापन झाले तर नेमका कोणता आकडा बदलायचा, हे पुढच्या संपादकाला शोधावे लागणार नाही.

यातून संक्षेपाच्या कामाचे खरे स्वरूपही दिसते. ‘हजारो’ काढायचे तर आकडा हवा. आकडा हवा तर संदर्भ उघडायला हवा. दोन संदर्भांत दोन आकडे निघाले तर दोन्ही का निघाले, हे समजून घ्यायला हवे. शब्द काढणे हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यांत सोपा भाग. त्याआधीचा सगळा वेळ वाचनात जातो. म्हणून छाटणी करणाऱ्याला ‘हा लिहीत नाही, नुसता खोडतो’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला: मराठीत लेख थोडे आहेत, आधी वाढवा, मग सुधारा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. त्या मानाने नियमित संपादन करणारे हात फारच थोडे आहेत, हे कबूल. पण हीच परिस्थिती संक्षेपाच्या बाजूने बोलते. इंग्रजी विकिपीडियावर एखादे पोकळ वाक्य शिरले तर ते पाहणारे शेकडो डोळे असतात. आपल्याकडे ते वाक्य वर्षानुवर्षे तसेच राहते. शोधयंत्रे लेखाची पहिली एक-दोन वाक्ये उचलून दाखवतात, शाळेतली मुले ती प्रकल्पाच्या वहीत उतरवतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे त्यांवरून टिपणे काढतात, आणि आता यंत्रांना मराठी शिकवायलाही हाच मजकूर वापरला जातो. माणसे कमी असतील तर त्यांच्यावर देखभालीचा बोजाही कमी असायला हवा. एका लेखातल्या साठ सैल वाक्यांपेक्षा वीस नेमकी वाक्ये सांभाळणे त्यांना जमणारे आहे.

‘आधी वाढवा, मग सुधारा’ यातला ‘मग’ कधी येत नाही, हेही लक्षात घ्या. फुगलेला लेख सुधारायला बसणाऱ्याला आधी त्यातले खरे काय आणि भरताड काय हे वेगळे करावे लागते. ते नव्याने लेख लिहिण्याहून किचकट काम आहे, म्हणून लोक ते टाळतात. पहिल्या दिवशीच नेटके लिहिले किंवा लगेच नेटके केले, तरच ते होते.

या आक्षेपाच्या मुळाशी मोजमापाची एक सवय आहे. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदलापुढे आकडा दिसतो: भर घातली तर हिरवा, मजकूर घटला तर लाल. बदल पाचशे बाइटांहून मोठा असेल तर तो आकडा ठळक होतो. लाल ठळक आकडा दिसला की बदलांवर पहारा ठेवणाऱ्या संपादकाच्या मनात पहिली शंका उत्पाताची येते. लेखनस्पर्धांतही किमान अमुक बाइट, किमान अमुक शब्द अशा अटी असतात. देवनागरीतले एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळे वेगवेगळे मोजले जाते. त्या हिशोबाने ‘उल्लेखनीय’ हा एकटा शब्द २७ बाइटांचा भरतो. तो वाक्यात ठेवला काय आणि काढला काय, वाचकाला काहीच फरक पडत नाही. स्पर्धकाला मात्र २७ बाइट मिळतात. यात मी स्पर्धकांना दोष देणार नाही. जे मोजले जाईल तेच माणसे वाढवतात. दोष त्या मोजपट्टीचा आहे, आणि ती पट्टी म्हणजे लेखाची गुणवत्ता असे मानणाऱ्यांचा आहे.

दुसरा आक्षेप: छापील कोशांना कागदाची मर्यादा होती, आंतरजालाला ती नाही.

जागा अमर्याद आहे हे खरे. त्यामुळे लेखांची संख्या वाढवता येते, छापील कोशात कधीच न आलेल्या गावाला, नदीला, कारागिराला स्वतःचे पान मिळू शकते. ही फार मोठी संधी आहे आणि तिचा पुरेपूर वापर झालाच पाहिजे. पण जागा अमर्याद झाली म्हणून वाचकाचा वेळ अमर्याद होत नाही. मोबाइलच्या पडद्यावर लेख उघडणाऱ्याला उत्तर पहिल्या परिच्छेदात हवे असते. ‘लोणार सरोवर कशामुळे झाले?’ एवढाच त्याचा प्रश्न असेल तर त्याला निसर्गाच्या चमत्काराचे कौतुक ओलांडून का जावे लागावे?

शिवाय आपल्या कोशपरंपरेने संक्षेप केवळ कागद वाचवायला पाळला, असे समजणे त्या परंपरेला कमी लेखणे आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, शेअर विकून भांडवल उभे केले आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, पण त्याआधीच परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला होता. हा क्रम बोलका आहे. हजारो नोंदी वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या जाणार, तर कोणत्या संकल्पनेला कोणता शब्द वापरायचा हे आधी ठरले पाहिजे, म्हणजे प्रत्येक लेखकाला तेच तेच समजावत बसावे लागणार नाही. नेमकी परिभाषा हे संक्षेपाचे पहिले साधन आहे. ‘अल्कधर्मी’ हा शब्द एकदा दुवा देऊन वापरला की काम भागते. तो टाळून ‘वेगळ्याच प्रकारचे गुणधर्म असलेले पाणी’ असे लिहिले, तर शब्द वाढतात आणि अर्थ नाहीसा होतो. सोपे लिहिणे म्हणजे बाळबोध लिहिणे, ही समजूतही इथेच खोटी ठरते.

तिसरा आक्षेप भाषेच्या पिंडाचा. लांब, घोळदार वाक्य हे अस्सल मराठी, आणि आखूड वाक्य हे इंग्रजी वळण, असे सांगितले जाते. मराठी गद्याचा इतिहास याच्या नेमका उलट उभा आहे.

मराठीतले आद्य गद्य चरित्र म्हणजे लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या. त्यातली वाक्ये आखूड आहेत, बोलीतली आहेत. कोण कुठे गेले, काय म्हणाले, काय घडले, एवढेच सांगून लीळा संपते. एकाच लीळेबद्दल सांगणाऱ्यांत फरक असेल तर तो फरक कोणाच्या सांगण्याप्रमाणे आहे हे नोंदवण्याचीही पद्धत त्या परंपरेत आहे. म्हणजे आटोपशीर वाक्य आणि माहितीचा उगम सांगण्याची शिस्त, दोन्ही गोष्टी मराठी गद्याच्या पहिल्या पानापासून हातात हात घालून आल्या आहेत. इंग्रजी तेव्हा या भूमीच्या आसपासही नव्हती.

पल्लेदार वाक्याचा थोर नमुना म्हणून विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. १८७४ साली सुरू झालेल्या निबंधमालेने मराठी निबंधाला ऐट दिली. पण त्या शैलीवर जॉन्सन आणि मेकॉले या इंग्रज लेखकांचा ठसा आहे, हे मराठी समीक्षेने केव्हाच नोंदवले आहे. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी सुरू केलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनीच पुरे केले. तेव्हा लांब वाक्य स्वदेशी आणि आखूड वाक्य परदेशी ही वाटणी टिकत नाही. दुसरे म्हणजे, विष्णुशास्त्र्यांच्या लांब वाक्यात प्रत्येक पोटवाक्य युक्तिवाद पुढे नेते. एक तुकडा काढा, वाक्य कोसळते. आपल्या फुगलेल्या परिच्छेदातून निम्मे शब्द काढले तरी काहीच कोसळत नाही. त्याला पल्लेदार म्हणणे हा निबंधमालेचा अवमान आहे.

मग हा घोळ आला कुठून? दोन ठिकाणांहून. पहिले ठिकाण कचेरी. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘च्या अनुषंगाने’, ‘करण्यात येत आहे’ ही परिपत्रकाची भाषा. परिपत्रकात कर्ता लपवण्याची सोय असते; काम कोणी केले, निर्णय कोणी घेतला, हे न सांगता वाक्य पुरे करता येते. ज्ञानकोशात तीच सोय दोष ठरते. ‘धरण बांधण्यात आले’ असे वाचल्यावर वाचक विचारणारच: कोणी बांधले, कधी? ‘च्या माध्यमातून’च्या जागी बहुतेक वेळा साधा ‘ने’ पुरतो, ‘या ठिकाणी’च्या जागी ‘येथे’ किंवा नुसता ‘त’, आणि ‘भेट देत असतात’च्या जागी ‘येतात’. मराठीला विभक्ती आहेत, समास आहेत, ‘करून’, ‘असताना’, ‘गेलेला’ यांसारखी धातुसाधिते आहेत. थोडक्यात सांगण्याची सगळी अवजारे भाषेने घरात ठेवलेली असताना आपण ती वापरत नाही.

दुसरे ठिकाण यंत्रभाषांतर. ‘पुणे हे एक शहर आहे जे महाराष्ट्र राज्यात वसलेले आहे आणि जे त्याच्या शैक्षणिक संस्थांसाठी ओळखले जाते’ असे वाक्य मराठी माणूस बोलत नाही. इंग्रजी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून त्यावर मराठी शब्द टांगले, की असे होते. ‘पुणे हे महाराष्ट्रातील शहर आहे’ असे लिहून, संस्थांचे म्हणणे पुढच्या वाक्यात त्यांच्या नावांनिशी सांगावे. इंग्रजी वळणाची खरोखर चिंता असेल तर ती इथे करा. भाषांतर-साधनाने आलेल्या लेखांची छाटणी करणारा संपादक मराठीचा पिंडच राखत असतो.

चौथा आक्षेप मी सगळ्यांत गंभीर मानतो: संक्षेपात माहिती हरवते. हरवू शकते. वाईट छाटणी ही फुगवट्याहून घातक असते, कारण फुगवटा वाचकाला कंटाळा आणतो, पण वाईट छाटणी त्याची दिशाभूल करते.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे पाहा. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली आहे. जेधे शकावलीतील नोंद तिच्या बाजूने आहे. त्याआधी १६२७ ची, वैशाख शुद्ध द्वितीयेची तिथी दीर्घकाळ मानली जात होती आणि जुन्या पुस्तकांत तीच आढळते. लेख आटोपशीर करायचा म्हणून यातली एक तारीख गुपचूप काढून टाकली, तर जुने पुस्तक वाचून आलेल्या वाचकाला त्याच्या गोंधळाचे उत्तर कधीच मिळणार नाही. इथे दोन्ही तिथी, त्यांचे आधार आणि आज स्वीकारलेली कोणती, हे सगळे राहिले पाहिजे. त्यासाठी चार वाक्ये लागली तर चार लागू देत. त्याचप्रमाणे ‘अमुक इतिहासकाराच्या मते’ हे शब्द कधीही काढू नयेत. ते काढले की मताचे तथ्य होते. ‘काही जणांच्या मते’ हे शब्द दिसले तर ते जण कोण हे शोधून लिहावे.

म्हणजे कसोटी लांबीची नाही. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: हा गेला तर वाचकाला कळणारी एखादी गोष्ट जाते का? जात असेल तर तो राहील, मग परिच्छेद कितीही लांबो. जात नसेल तर तो कितीही सुंदर असला तरी त्याची जागा ज्ञानकोशात नाही. या कसोटीवर आदरार्थी अनेकवचन सुरक्षित राहते. ‘ते म्हणाले’च्या जागी ‘तो म्हणाला’ लिहून एकही शब्द वाचत नाही, आणि मराठी वाचकाच्या कानाला मात्र खटकते. आदर मराठीच्या व्याकरणातच आहे. तो काढायला सांगणारा संक्षेप मला मान्य नाही.

गौरवाच्या विशेषणांचे मात्र तसे नाही. चरित्रलेखांत ‘थोर’, ‘महान’, ‘अजरामर’, ‘मोलाचे योगदान’, ‘सिंहाचा वाटा’ यांची रेलचेल असते आणि ती काढली की भावना दुखावतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याबद्दल ‘स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांनी अत्यंत मोलाचे असे योगदान दिले’ हे वाक्य घ्या. हेच वाक्य आणखी पन्नास जणांच्या लेखात जसेच्या तसे बसेल. म्हणजेच ते कर्व्यांबद्दल काहीच सांगत नाही. आता असे लिहा: त्यांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. एकही विशेषण नाही. तरीही वाचणाऱ्याच्या मनात कर्व्यांची उंची आपोआप उभी राहते, कारण १८९३ सालच्या समाजात विधवेशी लग्न करणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते किंवा तो शोधून काढतो. ज्यांच्या कामावर आपला विश्वास आहे त्यांना विशेषणांचे टेकू लागत नाहीत. विशेषणे रचून आपण मोठ्या माणसांना एकमेकांसारखे करून टाकतो. विकिपीडियाच्या मूळ धोरणांत तटस्थता आणि पडताळणी या दोन्ही गोष्टी आहेत. सालांनिशी लिहिलेले वरचे वाक्य त्या दोन्ही पाळते आणि कर्व्यांचा मानही राखते.

राहिला शेवटचा आक्षेप: लेखकाचा अपमान. कोणीतरी रात्री जागून लिहिलेला परिच्छेद दुसऱ्याने येऊन अर्धा करावा, हे बोचते. नवखा संपादक अशा अनुभवाने कायमचा निघून जाऊ शकतो, आणि मराठीला ते परवडणारे नाही. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय छाटणी थांबवणे हा नाही. छाटणीची रीत सुधारणे हा आहे.

विकिपीडियावर लिहिताना प्रत्येक जण मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली देतो. तो दुसऱ्याने बदलावा, पुढे न्यावा, हीच त्यामागची अट आणि इच्छा असते. काढलेले शब्द नष्टही होत नाहीत. पानाच्या इतिहासात प्रत्येक आवृत्ती लेखकाच्या नावासह शाबूत असते, आणि एका कळीने ती परत आणता येते. ज्याला ‘नासधूस’ म्हटले जाते, तो पूर्णपणे उलटवता येण्यासारखा बदल असतो. छापील कोशाच्या लेखकाला एवढे संरक्षण कधीच नव्हते. त्याच्या हस्तलिखितावर संपादकाची लाल शाई फिरली की ती गोष्ट तिथेच संपत असे.

पण हक्क आहे म्हणून तो कसाही बजावू नये. बदलाचा सारांश लिहिल्याशिवाय मजकूर काढू नये. ‘पुनरुक्ती काढली, माहिती तीच’ एवढे लिहायला क्षणभर लागतो आणि समोरच्याचा निम्मा राग तिथेच निवतो. परिच्छेद हलवणे आणि शब्द काढणे ही कामे एकाच बदलात करू नयेत. तसे केले तर काय गेले आणि काय राहिले हे कोणालाच तपासता येत नाही. संदर्भ नसलेला पण खरा वाटणारा तपशील थेट उडवण्याऐवजी चर्चापानावर ठेवून संदर्भ मागावा. गावाकडच्या पुष्कळ गोष्टी आधी माणसांना ठाऊक असतात आणि पुस्तकांत मागाहून येतात. नवख्याचा लेख असेल तर आधी एकच परिच्छेद करून दाखवावा आणि बाकीचे त्यालाच करायला सांगावे. बदल उलटवला गेला तर पुन्हा तोच बदल न करता बोलावे. इतके पाळूनही कोणी ‘माझ्या लेखाला हात लावू नका’ म्हणत असेल, तर त्याला सौम्यपणे पण ठामपणे सांगावे लागेल, की हा लेख वाचकाचा आहे.

अपमान होतोच, पण तो बहुतेक वेळा वाचकाचा होतो. नंदुरबारच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या विद्यार्थ्याने एखादी गोष्ट समजून घेण्यासाठी मराठीत शोध घ्यावा, आणि त्याला ‘अत्यंत महत्त्वाचे म्हणून ओळखले जाते’ एवढेच हाती लागावे, मग त्याने मुकाट्याने इंग्रजी पान उघडावे, याहून मोठा अपमान कोणता? मराठीत माहिती मिळत नाही अशी त्याची खात्री पटत जाते ती अशाच लेखांमुळे. मराठी ज्ञानभाषा व्हावी अशी भाषणे आपण दर फेब्रुवारीत आणि दर मे महिन्यात ऐकतो. ज्ञानभाषा होण्याची पहिली अट अशी, की त्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला त्या भाषेत नेमके उत्तर मिळाले पाहिजे.

म्हणून मागणी करतो. लेखनस्पर्धा भरवणाऱ्यांनी बाइटांची अट दुय्यम करावी आणि प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ आहे का, पहिल्या दोन वाक्यांत विषय स्पष्ट होतो का, हे गुणांकनात आणावे. फुगलेला जुना लेख नेटका करणे हा स्पर्धेचा स्वतंत्र विभाग असावा आणि त्याला नव्या लेखाइतकेच गुण असावेत. महाविद्यालयांतल्या कार्यशाळांत नवा लेख कसा सुरू करायचा हे शिकवतात. त्याच कार्यशाळेत धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, एक फुगलेला परिच्छेद देऊन तो दुरुस्त करायला लावावा. पहारा ठेवणाऱ्या संपादकांनी लाल आकडा पाहून बदल उलटवू नये. आधी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि गेलेल्या शब्दांबरोबर एखादे तथ्य गेले असेल तरच उलटवावा. आणि जे लिहितात त्यांनी प्रकाशित करण्याची कळ दाबण्याआधी आपल्याच मजकुरातले ‘अत्यंत’, ‘सदर’, ‘उल्लेखनीय’ आणि ‘म्हणून ओळखले जाते’ काढून पाहावेत. त्यानंतर जे उरते ते आपल्याला खरोखर ठाऊक असलेले असते. तेवढेच लिहावे, आणि ते कमी वाटले तर शब्द वाढवण्याऐवजी एखादे पुस्तक उघडावे.